स्टिकर नवा, आत वीट

जुलै लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये फोन थांबत नाहीत. आग विझवायचे सिलिंडर आम्ही तपासतो, भरतो. "ताई, बी फॉर्म तेवढा देऊन टाका." बी फॉर्म म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र. ते मालकानं किंवा जागा वापरणाऱ्यानं जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात तसं आहे. लिहून द्यायचा अधिकार फक्त परवानाधारक एजन्सीला, आणि तो परवाना देतात राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक. म्हणजे खाली सही माझी असते.

परवा राजारामपुरीतल्या एका कापड दुकानात गेले. सहा किलोचे चार एबीसी, म्हणजे पावडरीचे सिलिंडर, स्टिकर कोरे करकरीत, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात. शेठ म्हणाले, "मागच्या खेपेला एकजण आला आणि दहा मिनिटांत चारी भरून गेला की!"

दहा मिनिटांत चार? प्रेशर सोडायचं, टोपी काढायची, पावडर चाळायची, नळी फुंकून बघायची, रबरी रिंग तपासायची, वजन करून नायट्रोजन भरायचा. एकालाच अर्धा तास जातो.

शेडमध्ये आणून पहिला उघडला. पावडरीची वीट झालेली. नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरची हवा मारली असणार. तिच्यातला ओलावा पावडर पिते. काटा खोटं बोलत नव्हता, दाब होताच. पण दाबानं वीट नळीतून बाहेर येत नाही.

शेठना फोटो पाठवला. बराच वेळानं त्यांचा फोन आला. "वर माळ्यावर दोन पोरी फॉल-पिकोला बसतात ओ."

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा मी खासबागेजवळ उभी होते. बाबांनी पहिलं नाटक मला तिथंच दाखवलं होतं. तेव्हापासून न उघडलेल्या सिलिंडरवर मी स्टिकर लावू शकत नाही.

सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचे सिलिंडर आम्ही भरत नाही. त्याला पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची वेगळी परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही. वजन करतो, गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर परवानगी असलेल्याकडे पाठवतो. गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगते.

शेठच्या दुकानात सध्या आमचे चार सिलिंडर ठेवलेत. त्यांचे इथं टेबलावर उघडे वाळताहेत, पाण्याच्या दाबाची चाचणी अजून व्हायचीय. बी फॉर्म ड्रॉवरमध्ये तसाच आहे, सहीविना.