तुम्ही विचारलंत म्हणून: "लेकरू तुझ्याकडं काहून नाही?"

लग्नात, रेल्वेत, बँकेत काउंटरच्या पलीकडून, कुठंही. मुलगा परभणीला वडिलांकडं आणि मी संभाजीनगरला एकटी, एवढं कळलं की समोरची बाई जरा थांबते आणि मग विचारतेच. तिच्या डोक्यात दोनच कारणं असतात, एकतर बाईचंच काहीतरी असणार नाहीतर कोर्टानं काढून घेतलं असणार.

दोन्ही नाही. घटस्फोट परस्पर संमतीनं झाला, पोरगं कुणाकडं राहील आणि मला कधी भेटेल हे आम्हीच कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेल्या अटींच्या कागदात, लिहून दिलं, जज मॅडमनी बघून मान्य केलं. 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडं असं आहे, पण आमचा तेव्हा नऊचा होता, आणि कोर्ट शेवटी बघतं ते लेकराचं भलं. माझी बँकेतली नोकरी बदलीची, मार्चएंडला घरी यायला रात्र. तिकडं आजी-आजोबा, चुलतभाऊ, शाळा पायी जाण्यासारखी. ओढून आणला असता तर बंद फ्लॅटमध्ये एकटा टीव्ही बघत बसला असता, आणि मग तुम्हीच म्हणाला असतात, नोकरीपायी लेकराचे हाल केले बाईनं.

रडले का? लई. पण ते सगळ्यांना कशाला सांगू.

आणि ताबा नाही म्हणजे आईपण गेलं असं होत नाही हो. आम्ही बँकवाले, त्यामुळं लेखिका गीता हरिहरन यांची केस तरी माहीत पाहिजे, मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला आईची सही चालेना म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि 1999 मध्ये कोर्टानं सांगितलं की त्याच कायद्यातल्या 'बापानंतर आई' याचा अर्थ बाप वारल्यावरच आई पालक असा नाही. तरी आजही एखादी बाई लेकराचं खातं काढायला आली की आमच्यातलाच कुणीतरी विचारतो, मिस्टर कुठंयत?

भेटी दुसऱ्या-चौथ्या शनिवार-रविवारी, कारण त्या शनिवारी बँक बंद. सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. जालना, परतूर, सेलू करत परभणीला जायचं, आणि तिथं साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले, गणिताची वही मागितली की तोंड वाकडं. दोन दिवसांत लाडही करायचे आणि रागवायचं पण, हे लई अवघड जातं. नुसते लाड केले तर मी पाहुणी होईन ना.

त्याच्या वडिलांचं मात्र कौतुक, "बिचारा एकटा माणूस किती करतो." करतो, चांगलंच करतो, मी नाही म्हणत नाही. पण डबा त्याची आई भरते, आणि लेकरू तुझ्याकडं काहून असं त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

कायमचं तसंच राहणार का, हा पुढचा प्रश्न. तसं काही नाही, परिस्थिती बदलली तर ऑर्डर बदलून मागता येते, आणि मुलगा समजत्या वयाचा असला की कोर्ट त्याचंही ऐकतं. अकरावीला इकडं येतो का म्हणून मी विचारलंय. बघू म्हणाला, क्रिकेटची टीम तिकडं आहे त्याची.