"चालतो हो, पण या कागदावर नाही"

खोकं काउंटरवर ठेवता ठेवताच काकू म्हणाल्या, "प्रिंटर चालतो. बिघडलाय असं मी म्हणतच नाही."

परत आलेल्या मालाच्या काउंटरवर मी नऊ वर्षं बसते आहे. इथे माणसं दोष शोधून आणतात, सापडला नाही तर रचून आणतात. पहिल्याच वाक्यात आपली बाजू सोडून देणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. निदान त्या क्षणी मला ते तसंच वाटलं.

सकाळीच एका गृहस्थांचा दिवा परत घ्यायला मी नकार दिला होता. त्याचा रंग भिंतीला शोभत नव्हता, एवढीच तक्रार. तो नकार बरोबर होता, आजही मी तोच देईन. दुकानात येऊन, पाहून, हाताळून घेतलेली चांगली वस्तू केवळ मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी कायदा देत नाही. युरोपीय संघात कारण न सांगता 14 दिवसांत खरेदी रद्द करता येते, पण ती सोय ऑनलाइन किंवा फोनवरून मागवलेल्या मालासाठी आहे, कारण तो घेताना कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. भारताच्या 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांची मुदत धरली आहे. तीही सदोष मालापुरती. चांगला माल दुकान परत घेतं ते स्वतःच्या धोरणाने. मात्र ते धोरण बिलावर छापलं की तो दुकानाने दिलेला शब्द होतो आणि मग तो पाळावाच लागतो. आमच्या बिलावर होतं : सील न फोडलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल.

काकूंनी सील फोडलं होतं. आमच्या मेकॅनिकने साध्या कागदावर पान काढून पाहिलं, स्वच्छ आलं. मी फॉर्मवर 'दोष नाही' लिहिलं आणि खोकं त्यांच्याकडे सरकवलं.

तेव्हा त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्यासारखा जाड कागद काढला. "हाच कागद तुमच्या त्या मुलाला दाखवला होता. मी शुभेच्छापत्रं करते, यावरच छापायचं आहे, दुसरं काही नाही, असंही सांगितलं होतं. कंपन्यांमधलं मला काही कळत नाही, तुम्हीच निवडून द्या म्हटलं. त्याने हा दिला."

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा होता. त्या प्रिंटरमध्ये कागद पुढच्या ट्रेमधून आत जातो आणि रोलरभोवती पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो. एवढा जाड कागद तो वळसा घेऊ शकत नाही, अडकतो. त्याला मागून सरळ आत जाणारा मार्ग हवा. मशीन निर्दोष होतं आणि काकूंच्या कामाचं मुळीच नव्हतं.

मी सेल्समनला बोलावलं. तो नाही म्हणाला असता तर काकूंच्या हातात काहीच पुरावा नव्हता. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "हो मॅडम, दाखवला होता. चालेल असं मीच म्हटलं होतं." त्या मुलाबद्दल मला अजून आदर वाटतो.

आता प्रश्न दुकानाच्या मेहेरबानीचा उरला नव्हता. गिऱ्हाइकाने आपलं काम सांगितलं, निवड विक्रेत्याच्या जाणकारीवर सोपवली, तर दिलेली वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. हे तत्त्व इंग्लंडच्या 1893च्या माल विक्री कायद्यात होतं आणि भारताच्या 1930च्या कायद्यात, कलम 16मध्ये, आजही आहे. काकूंनी स्वतःहून अमुक कंपनीचा तमुक मॉडेलच द्या म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. मॅनेजर आधी क्रेडिट नोटवर, म्हणजे पैशांऐवजी पुढच्या खरेदीत वळत्या होणाऱ्या चिठ्ठीवर अडले. मी कलम वाचून दाखवलं, सेल्समनने पुन्हा तेच सांगितलं. पूर्ण पैसे परत दिले.

काकू गेल्या, पण मला चैन पडेना. आमच्या फॉर्मवर 'दोष आहे / नाही' असा रकाना होता. 'घेताना काय सांगितलं होतं?' असा नव्हता. नऊ वर्षांत मी ते कुणाला विचारलंच नव्हतं. संध्याकाळी वर्षभराचे 'दोष नाही' शेरा मारलेले फॉर्म काढले. ज्यांनी तक्रारीत स्वतःहून 'माझ्या कामाचं नाही' असं लिहिलं होतं, असे चार निघाले. मॅनेजरांची परवानगी घेऊन चौघांनाही फोन लावले.

दोघांनी उचलला नाही. एका बाईंना रंग आवडला नव्हता, तिथे मला काही करता येण्यासारखं नव्हतं. चौथ्या गृहस्थांनी व्हॅक्यूम क्लीनर नेला होता. ओला कचराही ओढेल, असं त्यांना आमच्याच माणसाने सांगितलं होतं. मी म्हटलं, घेऊन या, आपण पाहू. ते म्हणाले, "ताई, तो मी तेव्हाच अर्ध्या किमतीला विकून टाकला. तुम्हीच म्हणाला होता ना, दोष नाही म्हणून?"

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर नवा रकाना मी पेनानेच आखला. छापून यायला आणखी दोन आठवडे लागले.