मन होत नाही म्हणणारे काका आणि दोन रकान्यांचा कागद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कार्डियाक रिहॅबमध्ये काम करते. म्हणजे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास झालेल्या लोकांना परत चालतं-फिरतं करायचं आणि हळूहळू व्यायामाला लावायचं. बाहेरच्यांना वाटतं इथे येणारे लोक घाबरलेले असतात, त्यामुळे सांगितलेला व्यायाम मुकाट करत असतील. तसं अजिबात नाहीये. जिवावर बेतून गेलेलं असतं, डॉक्टरांनी बजावलेलं असतं, घरचे मागे लागलेले असतात, तरी सकाळी उठून चालायला जावंसं वाटत नाही म्हणजे नाही वाटत. आणि हे आळशी लोकांचंच होतं असंही नाही, आयुष्यभर राबलेल्या माणसांचंही होतं. अशाच एका काकांबद्दल लिहायचंय, ओळख पटेल असं सगळं गाळून.

काका रिटायर्ड बस ड्रायव्हर. अँजिओप्लास्टी होऊन काही आठवडे झालेले, रिपोर्ट चांगले, हृदयाचं पंपिंग चांगलं, चालायला काही हरकत नाही असं कार्डिओलॉजिस्टनी फाइलवर स्पष्ट लिहिलेलं. पहिल्याच दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला आणि काका बसायच्या आधीच त्याने सुरू केलं, मॅडम तुम्हीच सांगा ह्यांना, आम्ही सांगून थकलो, परत अटॅक आला तर काय करायचं, नातवंडांचं तोंड बघायचंय ना. काका खाली बघत बसलेले. मी विचारलं, काका तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाले, "सगळं पटतं हो. पण मन होत नाही."

मुलाला मी बाहेर बसायला सांगितलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती बरेच जण विसरतात. हृदयाच्या पेशंटला मन होत नाही म्हटल्यावर लगेच मोटिव्हेशनच्या मागे लागायचं नसतं, आधी बाकीचं तपासायचं. अटॅकनंतर डिप्रेशन येणं अगदी कॉमन आहे, झोप कशी आहे, कशातच रस वाटत नाही असं होतंय का, हे विचारावं लागतं आणि तसं असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं, ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत. दुसरं म्हणजे औषधं. बीटा ब्लॉकरच्या म्हणजे हृदयाचे ठोके हळू ठेवणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना थकवा वाटतो. तिसरं, भीती. चालताना छातीत धडधडलं की ह्यांना वाटतं झालं, आला परत अटॅक, पण घरात कोणाला बोलून दाखवत नाहीत. काकांची झोप नीट होती, टीव्हीवर मॅच आवडीने बघत होते, नातवंडांशी खेळत होते, भीती थोडी होती पण फार नाही. म्हणजे खरोखरच व्यायामाचं मन होत नव्हतं, एवढंच.

मग मी विचारलं, काका पहिली फेरी किती वाजता असायची?

"साडेपाचची. चारला उठायचो."

रोज मन व्हायचं उठायचं?

"मनाला कोण विचारतंय मॅडम, ड्यूटी लागलेली असायची. पाऊस असो थंडी असो, टायमाला गाडी निघालीच पाहिजे."

मी म्हटलं मग चालायचंही तसंच करू, टाइमटेबल लावू. तर काका एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "तसं नसतं. तिथे पगार होता आणि स्टॉपवर माणसं उभी असायची. मी नाही गेलो तर त्यांचा खोळंबा. इथे मी नाही गेलो तर कोणाचं काय अडतंय?"

हे मला फार पटलं. इतकी वर्षं पेशंट बघतेय पण इतकं नेमकं क्वचितच कोणी सांगितलंय. मन नसतानाही माणूस काम करतो ते त्याची इच्छाशक्ती पोलादी असते म्हणून नाही, तर वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, कोणीतरी वाट बघत असतं, ठरवाठरवी आधीच होऊन गेलेली असते. रिटायर झाल्यावर हे सगळं एकदम काढून घेतलं जातं आणि मग आपण त्याच माणसाला म्हणतो मनावर घ्या जरा. कसं घेणार?

2002 साली ब्रिटनमध्ये कॉलेजच्या मुलामुलींवर झालेला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. एका गटाला काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचा फायदा समजावून सांगणारं साहित्य वाचायला दिलं. तिसऱ्या गटाला तेच साहित्य दिलंच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. पहिल्या गटातल्या 38 टक्के लोकांनी व्यायाम केला, दुसऱ्या म्हणजे नुसतं समजावलेल्या गटात 35 टक्के, आणि लिहून दिलेल्या गटात 91 टक्के. धोका समजावून इच्छा वाढली होती पण पाय काही हलले नव्हते. तरुण मुलं होती, एकाच आठवड्याचं मोजमाप होतं, त्यामुळे तेच आकडे सगळीकडे येतील असं मी म्हणणार नाही, पण काकांच्या घरी जे चाललं होतं ते अगदी दुसऱ्या गटासारखंच होतं. मुलगा रोज धोका समजावत होता, काकांना रोज पटत होतं, आणि बूट कोपऱ्यात पडून होते.

तर त्या दिवशी आम्ही कागदावर लिहिलं. सकाळच्या गोळ्या घेतल्या की बूट घालायचे. गोळ्या ते विसरत नव्हते, काकू हातात आणून देत होत्या, म्हणून चालणं गोळ्यांना जोडलं. आणि स्टॉपवरची माणसं? त्यांच्याच बॅचमध्ये बायपास झालेले आणखी एक जण होते, जवळच राहणारे. त्यांना विचारलं, ते तयार झाले, म्हटले मी गेटपाशी उभा राहतो. काका म्हणाले, "हां, आता ठीक आहे. तो उभा राहणार म्हणजे जायला लागेल."

पण खरा प्रकार पुढे कळला. चालवून बघितल्याशिवाय मी कोणाला घरचा प्रोग्रॅम देत नाही, म्हणून काकांना कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि म्हटलं नेहमी चालता तसं चाला. तर ते सुटलेच, भराभर, हात हलवत, दोन फेऱ्यांत धाप लागली, बोलता येईना. थांबवलं, बसवलं, नाडी-बीपी बघितलं, सगळं ठीक होतं. आमच्याकडे भिंतीवर बोर्गचा स्केल लावलेला असतो, गनर बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने बनवलेला, 6 पासून 20 पर्यंत आकडे, 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि 20 म्हणजे जीव काढून. पेशंटनेच सांगायचं किती वाटतंय. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधाने दबलेली असते, तिच्या नेहमीच्या हिशोबावर विसंबता येत नाही, म्हणून हा स्केल फार कामाचा. काकांनी बोट ठेवलं 16 वर. सुरुवातीला मला त्यांच्याकडून 11 ते 13 पाहिजे होतं.

विचारलं एवढं जोरात का चालता? तर घरी आल्यावर सुरुवातीला काही वेळा मुलगा सोबत जायचा, आणि तो पस्तिशीतला, त्याच्या स्पीडने चालायचा, वर म्हणायचा असं रमतगमत चालून काही उपयोग नाही बाबा. प्रेमापोटीच करत होता बिचारा. पण दर वेळी धाप, दर वेळी भीती, दर वेळी मुलासमोर थांबायला लागतंय ह्याची लाज. असल्या गोष्टीचं मन कोणाला होईल? झेपेल त्याच्या वर गेलं की जवळपास प्रत्येकालाच व्यायाम नकोसा वाटतो, मग शरीर ते लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू देत नाही. लोक ह्याला आळस म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

मुलाला आत बोलावलं आणि समोर दाखवलं. सोपी खूण सांगितली, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत नसेल तरी चालेल. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, विचित्र धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि लगेच कळवायचं, ह्यात मनाचा काही प्रश्न नाही.

मग थोडी विश्रांती घेऊन काकांना परत उठवलं. ह्या वेळी त्यांच्या हातात एक कोरा कागद दिला, मधे उभी रेघ मारलेली. डावीकडे, निघायच्या आधी किती इच्छा आहे, 10 पैकी. उजवीकडे, आल्यावर कसं वाटतंय, 10 पैकी. त्यांनी डावीकडे लिहिलं 2. मी म्हटलं पाच मिनिटं चालू, नको वाटलं तर खरंच परत फिरू, मी काही बोलणार नाही. सुरुवातीला पाय ओढत होते. ते साहजिक आहे, चालायला लागलं की स्नायूंना एकदम जास्त ऑक्सिजन लागतो पण हृदय आणि श्वास त्या मागणीला पोचायला एक-दोन मिनिटं तरी घेतात, वय असेल आणि गोळ्या चालू असतील तर अजून जास्त. त्यामुळे सुरुवात जड वाटतेच, आणि आपण घरी बसून चालण्याची कल्पना करतो तेव्हा नेमका तेवढाच भाग डोळ्यासमोर येतो. 2011 मध्ये ह्यावर एक अभ्यासही झाला होता, लोक व्यायामातून मिळणाऱ्या आनंदाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात, कारण सुरुवातीच्या नकोशा भागावरच त्यांचं लक्ष असतं.

पाच मिनिटं झाली, मी विचारलं फिरायचं का परत? काका कंडक्टरबद्दल काहीतरी सांगत होते, थांबले नाहीत. तेव्हा मी त्यांना लंडनच्या बसची गोष्ट सांगितली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास, डबलडेकरचे ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करत, तर कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिराच्या वयात आणि कमी गंभीर. पुढे असंही दिसलं की ड्रायव्हरांच्या युनिफॉर्मच्या पँटी नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेला मोठ्या होत्या, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, हेही सांगितलं. काका जोरात हसले. "म्हणजे आमचा कंडक्टर अजून ठणठणीत आहे ते उगीच नाही!" पुढची फेरी त्या कंडक्टरच्या कौतुकातच गेली. बसल्यावर बोर्गवर 12 दाखवलं आणि कागदावर उजवीकडे लिहिलं 7.

मग त्या 2 आणि 7 कडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही लिहिलेलं हां."

तो कागद घरी गेला, फ्रिजवर लागला. पुढच्या भेटींना घेऊन यायचे. डावीकडे 2, 3, 1, 2, कधी 4, आणि उजवीकडे 6, 7, 6, 8. एकदा उजवीकडेही 3 होतं, त्या दिवशी उन्हात उशिरा निघाले होते. मला त्या कागदात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की डावा रकाना फारसा सुधारलाच नाही. इच्छा वाढेल मग नियमित होऊ अशी वाट बघत बसले असते तर अजून बसलेलेच असते.

एका भेटीला तोंड पाडून आले. पाहुणे आले, मग सर्दी झाली, मधले काही दिवस बुडाले, आता परत पहिल्यापासून. आणि कोणीतरी सांगितलेलं 21 दिवसात सवय लागते, ती काही लागली नाही. मी सांगितलं, लंडनच्याच संशोधकांनी 2010 मध्ये हे मोजून बघितलंय, सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवस, कोणाला 18 पुरतील असं गणित निघालं आणि कोणाला 254 लागतील असं. आणि एखाददुसरा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. काका विचार करून म्हणाले, फेरी रद्द झाली म्हणून रूट थोडाच बंद होतो. दुसऱ्या दिवसापासून परत गेटवर.

आता ते आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास चालतात, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते त्याच्या आसपास. आवडतं का विचारलं तर अजूनही सरळ नाही म्हणतात, आल्यावर बरं वाटतं एवढंच कबूल करतात. मला तेवढं पुरेसं आहे. सध्या आमचं भांडण चालू आहे ते ताकदीच्या व्यायामावरून, ते आठवड्यातून निदान दोन दिवस पाहिजेत आणि काकांचं म्हणणं चालतोय ना एवढा, अजून काय. परवा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला लावली तर पाचव्याला मांड्या थरथरल्या, गप्प झाले, आणि मग स्वतःच विचारलं, हे मॅचच्या ब्रेकमध्ये केलं तर चालेल का? म्हटलं पळेल. नवीन कागद दिलाय, रेघ त्यांनीच मारून घेतली.