दादा आळशी नव्हता: सिकलसेल आणि माझा अनुभव

दादाला शाळेत सगळे आळशी म्हणायचे. पावसात भिजला की दुसऱ्या दिवशी त्याचे हातपाय असे ठणकायचे की अंथरूण सुटायचं नाही. आजी आईला बोलायची, "तुझ्याच माहेरचं रक्त कमजोर."

तो बारा वर्षांचा असताना आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आली. दादा एसएस निघाला, म्हणजे आजार असलेला. आई-बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. सदोष जनुक दोघांकडूनही आलं, तेव्हाच हा आजार होतो. हे वाक्य आईने डॉक्टरांना आजीसमोर पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मीही एएस. नवऱ्याची तपासणी लग्नाआधीच व्हायला हवी होती, पण विषय काढायचा धीर झाला नाही. ती झाली मला दुसरा महिना सरताना. नळीतल्या द्रावणात त्यांचं रक्त टाकलं आणि द्रावण गढूळ झालं. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. मी त्या रेघा शोधतच राहिले. या चाचणीत वाहक कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, म्हणून रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकारानुसार वेगळं करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी केली. ए आणि एस असे दोन पट्टे आले. हेही एएस.

म्हणजे बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. चार मुलांत एकच आजारी, असा याचा हिशोब नाही. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठ्या नव्याने पडतात.

बाराव्या आठवड्यात नागपूरला, बाळाची तपासणी करण्यासाठी, सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून वारेचा कणभर तुकडा काढला. गर्भपाताचा थोडा धोका असतो, हे सही घेण्याआधीच सांगितलं होतं.

रिपोर्टची वाट बघणं सगळ्यात अवघड गेलं. एसएस आलं तर काय करायचं, हे घरात कुणी बोलेना. दादासमोर बोलणार तरी कसं? एका रात्री फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेता घेता तोच म्हणाला, "माझ्याकडे बघून ठरवू नको. तुमच्या दोघांकडे बघून ठरव." मी खूप रडले. त्याने हायड्रॉक्सीयुरियाची, त्याच्या सिकलसेलवरच्या औषधाची, कॅप्सूल काढली, पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि माझ्याशेजारी बसून राहिला.

रिपोर्ट एएस आला.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिच्या लसीच्या कार्डावर मागच्या बाजूला मी पेनाने लिहून ठेवलंय: एएस. खाली आमच्या दोघांचेही पॅटर्न लिहिलेत.