तुम्ही विचारलंत म्हणून: आंबा बंद केला होता का?

शाळा सुटायच्या वेळी गेटपाशी उभी असले की कोणी ना कोणी आई हळूच बाजूला घेते. "तुमच्या धाकट्याला गळवं यायची ना? कशाने थांबली हो? खायचं काय बंद केलंत?" मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न आलेलाच असतो: "आंबा ना?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. हो, आंबा बंद केला होता. अख्खा मोसम. घरात पेटी असताना पोराला केळं देत होतो. गळवं येतच राहिली.

पहिलं आलं एप्रिलच्या शेवटी, डाव्या मांडीवर. आधी डास चावल्यासारखा लाल ठिपका, दोन दिवसांत सुपारीएवढं टणक, हाताला गरम लागणारं, मधे पिवळट टोक. तेव्हा तो चार वर्षांचा होता. जांघेत अवधाण आलं, त्यामुळे पाय फेंगडे टाकत चालायचा. झोपेत चड्डीचं कापड घासलं तरी किंचाळून उठायचा. सासूबाई म्हणाल्या, करट आहे, उष्णता झाली. भाजलेला कांदा बांधला. पाचव्या दिवशी ते आपसूक फुटलं, पू निघून गेला आणि पोरगं ढाराढूर झोपलं. आम्हाला वाटलं, संपलं.

मेमध्ये ढुंगणावर दोन आली. शाळा उघडली तेव्हा मानेमागे, घामोळ्यांच्या जागी एक. जुलैत काखेत. मधल्या काळात मी तीन मूर्खपणे केले, तेही सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी तेच केलेलं असतं. एक म्हणजे थोरलीच्या वेळचं अमॉक्सिसिलिन घरात पडलं होतं, ते मनानेच दिलं. दुसरं, केमिस्टने दिलेलं औषध गळू फुटल्याबरोबर तिसऱ्या दिवशी थांबवलं. आणि तिसरं, काखेतलं गळू पिकलंय असं समजून मी ते पिळायला गेले. ते पिकलं नव्हतं. त्या रात्री ताप चढला आणि लाली दंडाकडे पसरली.

सकाळी बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी जागा बधिर करून छोटासा छेद घेतला, पू काढला आणि त्यातला थोडा कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवला. इतक्या महिन्यांत हे कोणीच केलं नव्हतं. म्हणजे आम्ही कोणाकडे धड गेलोच नव्हतो.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस ऑरियस. १८८० च्या सुमारास अलेक्झांडर ऑगस्टन नावाच्या एका स्कॉटिश सर्जनला गळवाच्या पुवात हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली घोसाने दिसले, म्हणून त्याने ग्रीक भाषेतल्या द्राक्षाच्या घडावरून त्यांना नाव दिलं. हे मी घरी कौतुकाने वाचून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "मग द्राक्षंही बंद करायची का?"

रिपोर्टात खाली कुठलं औषध चालेल, कुठलं नाही याची यादी होती. मी दिलेलं अमॉक्सिसिलिन 'चालत नाही' या बाजूला. बाई म्हणाल्या, या जंतूंपैकी बहुतेकांवर ते नुसतं चालत नाहीच. आणि नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद न देणारी जातही असते, म्हणून अंदाजाने औषध बदलत बसण्यापेक्षा पू तपासलेला बरा.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला वाटलं, आता खाण्यापिण्याचं निघेल. त्यांनी विचारलं, "घरात अंग पुसायला पंचे किती?"

पंचा एकच होता. म्हणजे मोठ्यांचे वेगळे, पण दोन्ही पोरांना एकच, आणि घाईत त्यांचे बाबाही तोच ओढायचे. तो गॅलरीतल्या दोरीवर वाळत असायचा. मुंबईतला जुलै तुम्हाला सांगायला नको. सकाळी टाकलेला पंचा रात्री हातात घेतला तरी गार आणि कुबट लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच अंगाला.

दुसरा प्रश्न: "अजून कोणाला पुळ्या, केसतूड, असं काही?" आम्ही दोघं एका सुरात नाही म्हणालो. थोरली खुर्चीत पाय हलवत बसली होती, ती म्हणाली, "बाबांना नाकात येते की. ते आरशात बघून केस उपटतात." नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

यात लाजण्यासारखं काही नाही, असं बाईंनीच समजावलं. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो आणि त्यांना काहीही होत नाही. नाकातून बोटावर, बोटावरून पंच्यावर किंवा मुलाच्या अंगावर. तिथे खाजवलेला डासाचा चावा, घामोळं किंवा ओरखडा असला की आत शिरायला वाट मिळते. खरूज किंवा इसब असेल तरी हेच, म्हणून त्यांनी बोटांच्या बेचक्या भिंग लावून बघितल्या. रक्त तपासलं. साखर ठीक निघाली, हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाचं औषध सुरू झालं. पूर्वी न्यूमोनिया, पोटात किंवा हाडात पू, वजन न वाढणं असं काही झालं होतं का, हेही विचारलं. तसलं काही असतं तर प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. आमच्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर माझी ही कहाणी बाजूला ठेवा आणि तेच डॉक्टरांना आधी सांगा.

बाकी झालं ते अगदी रुक्ष आहे. रिपोर्टाप्रमाणे औषध, ठरलेले सगळे दिवस. घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंसकट, पाच दिवस दोन वेळा नाकात मलम. अंघोळीला जंतुनाशक द्रावण. चौघांचे... चुकले, पाचांचे पाच रंगांचे पंचे, दोन दिवसांनी गरम पाण्यात. चादरी, उशांचे अभ्रे तसेच. दर रविवारी नखं. घामोळ्यांवर थंड पाणी आणि सुती बनियन. गळवाला कोमट पाण्याचा शेक द्यायचा, पिळायचं नाही. नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ आलं, ताप आला, लाली पसरली किंवा पोर मलूल झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तान्हं बाळ असेल तर एका गळवालाही थांबायचं नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एक बारीक आलं, शेकाने बसलं. त्यानंतर आलेलं नाही. मलमामुळे, पंच्यांमुळे की लोहामुळे, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही. माझं मत विचाराल तर पंचा.

सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते गळवं थांबली ती आंबा बंद केल्यानेच. मी म्हटलं, "अहो आई, काखेतलं जुलैत आलं, तेव्हा आंबा कुठे होता?" तर म्हणाल्या, "मागच्या वर्षीची उष्णता असते ती. निघायला वेळ लागतो."