भिशीचे साठ हजार आणि दोन रात्रीचं जहाज

आमच्या नाशिकच्या कॉलनीत भिशी आहे, २० जणी, महिन्याला ३००० रुपये, आणि या वेळी माझा नंबर दिवाळीनंतर लगेच लागला. मी घरात सांगायच्या आधीच पोरांना कुठून कळलं देव जाणे, पण संध्याकाळी दोघं समोर उभे, "आई आता जहाज ना?" कारण आदल्या वर्षी मीच म्हटलं होतं, या वर्षी थीम पार्क, पुढच्या वर्षी क्रूझचं जहाज. तेव्हा ह्यांचं म्हणणं होतं की दोन्ही एकदमच उरकू, मुंबईला जातोच आहोत तर. मी नाही म्हटलं. दोन महाग गोष्टी एका सुट्टीत कोंबल्या की एकीचीही मजा येत नाही आणि मधल्या हॉटेलच्या रात्रीतच सगळे पैसे जातात, हे आमचं अनुभवाचं आहे.

आधी पार्कचं सांगते, म्हणजे खोपोलीचं इमॅजिका. आमच्या लहानपणी थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ ला सुरू झालेलं, शाळेची ट्रिप जायची आणि खरं सांगू का, मला राइडपेक्षा खाडीतून बोटीने जायचीच जास्त आठवण आहे. ते २०२२ ला बंद झालं. त्यामुळे आता नाशिककरांना मोठ्या राइड्स हव्या तर खोपोलीच. लोक आधी मुंबईला जाऊन एक्सप्रेस वे पकडतात, आम्ही कसारा घाट उतरून शहापूरहून मुरबाड, कर्जत करत खोपोलीला गेलो. आणि एका दिवसात जाऊन येऊ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, घाटात रात्री ट्रकच्या मागे रांगत यायची वेळ येते. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे पण ते आपल्या बजेटचं नाही. आमची मावस नणंद बदलापूरला राहते, आदल्या रात्री तिच्याकडे मुक्काम, जाताना तिच्यासाठी किलोभर चिवडा आणि द्राक्षांची पेटी नेली, बस.

तिकिटाचं म्हणाल तर वीकडेला जा आणि तारीख टाकून ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारपेक्षा बराच फरक पडतो. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्कची तिकिटं वेगवेगळी असतात. आम्ही फक्त थीम पार्क घेतलं, एका दिवसात तेवढंच धड होतं. बर्फ बघायची पोरांची हौस होती, त्यांना सांगितलं फ्रीज उघडा.

जाण्याआधी एक काम नक्की करा, घरी पोरांची उंची मोजा. मोठ्या राइडला वय नाही, उंची बघतात. आमच्या किचनच्या दाराच्या चौकटीवर दोघांच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, मी टेप लावून धाकटीला आधीच सांगितलं होतं की अमुक राइड तुला मिळणार नाही. तरी बाई तिथे उंचीच्या पट्टीपाशी जाऊन टाचा वर करून उभ्या! तिथल्या दादाने हसत तिच्या डोक्यावर हात ठेवून खाली बसवलं. रडली नाही, कारण आधी माहीत होतं. शेजारच्या रांगेत एक मुलगा तासभर थांबून शेवटी परत फिरला, त्याचं रडणं अजून कानात आहे.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून सासूबाईंनी दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पार्किंगमध्ये गाडीतच पोटभर खाऊन मग आत गेलो, आत फक्त दुपारचं एक जेवण घेतलं. आणि वॉटर पार्कला कधी गेलात, तर बहुतेक ठिकाणी कॉटनचे कपडे चालत नाहीत, नायलॉनसारखे लागतात. हे मी शिर्डीच्या बाजूला एकदा चौघांचे कपडे गेटवर विकत घेऊन शिकले, त्या भावात कॉलेज रोडला दिवाळीची खरेदी झाली असती.

आता जहाज. सासूबाईंना घेऊन जायचं म्हणून आधी ट्रायल म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट केली. २०२० पासून चालू आहे, गाडी आत घालायची, वर जाऊन बसायचं, तासाभरात मांडवा. लांबच्या क्रूझवर पैसे घालायच्या आधी कोणाला मळमळतं का ते इथे कळतं. मळमळलं ते ह्यांना :) सासूबाई मस्त वडापाव खात बसल्या होत्या. पण क्रूझची एक केबिन जास्तीत जास्त चौघांची, पाचवं माणूस म्हणजे दुसरी केबिन, आणि हिशोब ऐकून त्याच म्हणाल्या, "समुद्र बघितला गं मी, तुम्ही जा."

आम्ही कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची मुंबई ते मुंबई दोन रात्रीची सहल घेतली. त्यांचं एम्प्रेस जहाज १९९० सालचं आहे, पण आत गेल्यावर आमच्या पोरांना ते राजवाडाच वाटला. सगळ्यात स्वस्त ती इंटिरियर केबिन, खिडकी नाही, दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही इतका अंधार, वरचे दोन बर्थ भिंतीतून खाली येतात आणि त्यावरून पोरांची भांडणं. पण केबिनमध्ये राहतं कोण, झोपायलाच जायचं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर कमी पडतो, म्हणून चौघं एकाच केबिनमध्ये हेच परवडतं.

पहिल्यांदा एका एजंटने फोनवर जो आकडा सांगितला त्यात पोर्ट चार्जेस, टिप आणि जीएसटी नव्हताच, बिलावर आला तेव्हा मी त्याला नमस्कार केला आणि दोन दिवसांनी स्वतः बुक केलं. विचारताना "सगळं धरून चौघांचे किती" एवढंच विचारा. आत जेवण धरलेलं असतं, व्हेज आणि जैनसुद्धा मिळतं. दारू, वायफाय, स्पेशल रेस्टॉरंट यांचे पैसे वेगळे आणि ते केबिनच्या कार्डावर चढत जातात, त्यामुळे कार्ड माझ्याच पर्समध्ये होतं. समुद्रात मोबाईलची रेंज जाते, वायफाय आम्ही घेतलं नाही, दोन दिवस ह्यांना सातपूरहून, म्हणजे कामावरून, एकही फोन आला नाही, हे तर पॅकेजमध्ये फुकटच. पासपोर्ट लागत नाही, पण पोरांची आधार कार्डं विसरू नका.

नाशिककरांचा फायदा म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड, अकराच्या आत सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीने जवळच. जहाज निघतं संध्याकाळकडे, म्हणजे मुंबईत हॉटेल नको. येताना सकाळी उतरलो आणि दुपारची जनशताब्दी धरली. एकूण ६४ हजार झाले, वरचे चार ह्यांच्याकडून घेतले.

उन्हाळ्यात आता लांब काही नाही, शिर्डीचं वॉटर पार्क, तेही एक दिवस. नायलॉनचे कपडे कपाटात वर ठेवलेत, फक्त धाकटीचे बसतात का बघायचंय, चौकटीवर नवीन रेघ आली आहे.