तुम्ही विचारलंत म्हणून : साम्राज्याच्या इतिहासात झाडाची साल कशाला?

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. बंदुका आणि आरमार असताना साम्राज्याच्या इतिहासात तुम्ही झाडाची साल कशाला आणता, असे इतिहासाचे विद्यार्थी मला हमखास विचारतात. साल म्हणजे सिंकोनाची, जिच्यापासून कोयनेल हे हिवतापावरचे औषध काढतात; माझ्या आजीचे तोंड त्याच्या नुसत्या नावाने कडू होई.

१८४१ साली तीन ब्रिटिश जहाजे आफ्रिकेतल्या नायजर नदीत शिरली, तेव्हा तापाने ४० हून अधिक युरोपीय दगावले. १८५४ साली विल्यम बेकी या डॉक्टरने त्याच नदीतल्या मोहिमेत सर्वांना रोज कोयनेल दिले आणि सुमारे चार महिन्यांत तापाने एकही माणूस गेला नाही. बंदुका दोन्ही वेळी होत्याच.

मात्र साल येई ती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून, आणि दुसऱ्याच्या जंगलावर विसंबून फौजा किती काळ पोसणार? म्हणून १८६० साली क्लेमेंट्स मार्कहॅम सिंकोनाची रोपे आणायला तिकडे गेला. पुढे उटीजवळ दोडाबेट्टावर सिंकोनाचे मळे उभे राहिले, तिथे मॅकआयव्हर नावाचा अधिकारी झाडाच्या सालीच्या उभ्या पट्ट्या सोलून उघड्या खोडाला शेवाळ गुंडाळत असे. त्याखाली जी नवी साल धरे, तिच्यात कोयनेल अधिक भरे. ही युक्ती मला त्या साऱ्या मोहिमेपेक्षा मोलाची वाटते, कारण झाड न तोडता साल मिळत राही. तरीही त्या मळ्यांतल्या बहुतेक झाडांत कोयनेलचा अंश बेताचाच होता.

भरपूर कोयनेल देणारे बी गोळा केले ते मानुएल इंक्रा मामानी या बोलिव्हियातल्या आयमारा आदिवासी माणसाने, कारण कुठले झाड सकस हे त्याला नजरेने कळत असे. १८६५ साली त्याने ते चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला दिले. लेजरच्या भावाने लंडनमध्ये ते सरकारपुढे ठेवले, पण सरकारने नाकारले. डचांनी मात्र त्यातले पौंडभर विकत घेऊन जावात पेरले, आणि पुढे जगातले बहुतेक कोयनेल जावातूनच येऊ लागले. त्या झाडाला शास्त्रज्ञांनी लेजरचे नाव दिले. मामानी मात्र पुन्हा बी गोळा करायला गेला असता १८७१ साली पकडला गेला, कैदेत त्याला बेदम मारले आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला.